गाठीची जातकुळी

वाशीमच्या श्रोत्यांसमोर इतिहास म्हणून उभे राहिले, की वत्सगुल्म आणि वाकाटक एवढे तरी आले पाहिजेत, असा आपल्याकडे शिरस्ताच पडून गेला आहे. म्हणून आजचा विषय स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास हा आहे असे कळताच आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांस बाजूला घेऊन विचारले, "अहो, सभेला आयाबहिणी येतात, त्यांच्यापुढे हे काय काढलेत?" आम्ही म्हटले, त्या येतात म्हणूनच काढले. आणि वत्सगुल्माची हौसही आम्ही थोडी भागवून घेतो. ह्या नावातील 'गुल्म' म्हणजे झाडाझुडपांची जाळी. पण आयुर्वेदात तोच शब्द पोटात धरणाऱ्या गोळ्याला लावतात. अंगावर वाढणाऱ्या गाठीला मात्र सुश्रुताने निराळे नाव दिले आहे, ते 'अर्बुद'. त्याची जी लक्षणे त्याने सांगितली त्यांत दोन फार महत्त्वाची आहेत: ही गाठ थोडीच दुखते आणि ती पिकत नाही. आजही आपल्या खेड्यांतली बाई गाठ हाताला लागूनसुद्धा महिनोन्महिने बोलत नाही, त्याचे कारण हेच असते. दुखत नाही म्हणजे काही नसेल, असे तिला वाटते. सुश्रुताने नेमके उलट सुचविले होते.

आज आम्हांस बोलायचे आहे ते एका वाक्याबद्दल. ते आपण सर्वांनी ऐकले असेल. दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या तेरवीला, कोठेही ते कानावर येते: "आपल्या लोकांत हा कॅन्सर लहान वयात होतो, आणि होतो तो वाईट जातीचाच." ह्या वाक्यात वय आहे, रोगाची जात आहे, आणि 'आपल्या लोकांत' ह्या दोन शब्दांत वंशही आहे. वाक्य अगदी खोटे नाही. पण ते जेवढे खरे आहे तेवढे कशामुळे खरे आहे, हे शोधायला वैद्यांना ऐंशी वर्षे लागली, आणि त्या शोधातले पुष्कळसे काम आपल्या महाराष्ट्रात झाले आहे.

सुरुवात परळला होते. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीतून उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी घेतली. हे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे काढलेल्या गाठीचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे. पण खानोलकरांची नजर काचेवरच्या कापापाशी थांबत नसे. गाठ कोणाची, तो माणूस कोठला, काय खातो, काय नेसतो, हे ते विचारीत. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई ह्या सहकारी विदुषींबरोबर एक लेख प्रसिद्ध केला. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळली जाते, तेथली कातडी घासून पांढुरकी व जाड होते, आणि क्वचित पुढे तेथेच कर्करोग धरतो, हे त्यात दाखविले होते. आता हा रोग हिंदूंत आढळे आणि पारशांत आढळत नसे. कोणी भोळा मनुष्य म्हणाला असता, हिंदूंच्या रक्तातच हे आहे. पण दोष रक्तात नव्हता. तो धोतराच्या निरीत होता. पाटलोण घातली की वंशाचा हा गुण नाहीसा होई!

स्तनाच्या कर्करोगात मात्र पारडे उलटे होते. परळला येणाऱ्या हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग जास्त दिसे, आणि पारशी स्त्रियांत स्तनाचा. ही तफावत इतकी ठळक होती की ती नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. तरीही एक अडचण होती. रुग्णालयातल्या शंभर रोग्यांचे टक्के काढणे म्हणजे बाजारात आलेल्या गाड्यांवरून शिवारातले पीक मोजण्यासारखे आहे. कोण आले ते कळते. कोण घरी राहिले ते कळत नाही. पारशी स्त्री सुशिक्षित, शहरात राहणारी, लवकर डॉक्टरकडे जाणारी. तेव्हा तिचे आकडे मोठे दिसणारच, असा आक्षेप कोणीही घेऊ शकत होता.

त्याला उत्तर मिळाले ते १९६३ नंतर. इंडियन कॅन्सर सोसायटी ही संस्था डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा ह्यांनी १९५१ मध्ये स्थापन केली होती. तिने १९६३ साली मुंबई कॅन्सर रजिस्ट्री सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली अशी ही देशातली पहिली नोंदणी. ह्या कामात दिखाऊ असे काहीच नाही, म्हणून त्याचे कौतुकही फारसे होत नाही. नोंदणीची माणसे शहरातल्या लहानमोठ्या रुग्णालयांत, तपासणीच्या प्रयोगशाळांत, मृत्युनोंदीच्या कचेरीत जातात. प्रत्येक रोग्याचे वय, धर्म, पत्ता, रोगाची जागा उतरवून घेतात. एकच माणूस दोनदा धरला जाऊ नये म्हणून नावे पडताळतात. आणि मग त्या बेरजेला शिरगणतीतल्या लोकसंख्येने भागतात. भागाकार हे ह्या सगळ्या शास्त्राचे मर्म आहे. शहराबाहेरून उपचारासाठी आलेला रोगी ते मोजत नाहीत. दादरच्या गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरून परळच्या खेपा घालणारी आपल्या रिसोडची किंवा मानोऱ्याची बाई मुंबईच्या आकड्यात येत नाही, आणि येऊ नये हेच बरोबर. मग ती कोठे येते? पुण्यात १९७२ पासून, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९७८ पासून, नागपुरात १९८० पासून नोंदणी आहे. पुढे वर्ध्यातही झाली. पण जे अहवाल आमच्या वाचनात आले त्यांत वाशीमचा स्वतंत्र तक्ता आम्हांस कोठे भेटला नाही. तेव्हा आज आम्ही जे बोलू ते शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून बोलू, हे आधीच सांगून ठेवतो.

जस्सावाला आणि त्यांचे सहकारी जैन ह्यांनी नऊ वर्षांत नोंदलेल्या २१३० स्त्रियांचा धर्मवार अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. पारशी समाजात म्हाताऱ्या माणसांचे प्रमाण जास्त, आणि हा रोग वयाबरोबर वाढणारा. म्हणून वयाचा हिशेब आधी सारखा करून घेतला. तो केल्यावरही पारशी स्त्रियांचा दर इतरांहून ठळकपणे वरच राहिला. खानोलकरांच्या काळातली तफावत अशी भागाकारातून पार पडली. मग कारण काय? पारशी मुलींची लग्ने उशिरा होत, काहींची होतच नसत. मुले उशिरा व थोडी होत. हे कारण नवे नव्हते. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी ह्याने १७०० च्या सुमारास लिहून ठेवले होते की, मठांतल्या जोगिणींना स्तनाचा कर्करोग फार होतो. जोगिणी काही एका वंशाच्या नव्हत्या. त्यांच्यात सारखे होते ते एवढेच की त्यांना मूल झालेले नव्हते.

दुसऱ्या टोकाला बार्शी आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि शेजारचे परंडा व भूम हे तालुके घेऊन १९८७ मध्ये तेथे ग्रामीण नोंदणी सुरू झाली. मुंबईची रीत येथे चालण्याजोगी नव्हती, कारण खेड्यातला रोगी मुळात रुग्णालयापर्यंत पोचतच नसे. म्हणून कार्यकर्ते गावोगाव हिंडले, सरपंच, शिक्षक, जाणती माणसे ह्यांना भेटले, कोणाला न भरणारी जखम आहे, कोणाला गाठ आहे, ते विचारून अशा माणसांना तपासणीस आणू लागले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत बार्शीच्या आकड्यांशी ताडून पाहिले तर मुंबईच्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग होण्याचा दर सुमारे तीन-चार पट भरत होता. दोघीही मराठी बोलणाऱ्या, कदाचित एकाच कुळातल्या, एक गिरणगावात नांदायला गेलेली आणि दुसरी माहेरच्या गावी राहिलेली! वंश तोच, दर चौपट. जपानी स्त्रिया अमेरिकेत जाऊन राहिल्या तेव्हा दोन-तीन पिढ्यांत त्यांच्या लेकीनातींचा दर तेथल्या बायकांच्या जवळ जाऊन पोचला, हाही अनुभव ह्याच जातीचा.

आता वयाकडे वळू. आपल्याकडे स्तनाच्या कर्करोगाची रुग्ण सरासरीने पन्नाशीच्या आसपासची असते. अमेरिकेत ती साठी ओलांडलेली असते. हे दहा-बारा वर्षांचे अंतर खरे आहे. त्यावरून 'आपल्या लोकांत हा रोग लवकर होतो' असे आपण म्हणतो. येथे पुन्हा भागाकार विसरला जातो. समजा, दोन गावे आहेत. दोन्ही गावांत चाळिशीतल्या हजार बायांत एकीला आणि साठीतल्या हजार बायांत दोघींना हा रोग होतो. म्हणजे रोगाचा स्वभाव दोन्हीकडे अगदी सारखा. पहिल्या गावात चाळिशीतल्या बाया चार हजार आणि साठीतल्या एक हजार आहेत. तेथे चाळिशीतल्या चार रुग्ण आणि साठीतल्या दोन निघतील, आणि गाव म्हणेल, हा तरण्या बायांचा रोग आहे. दुसऱ्या गावात दोन्ही वयांच्या बाया दोन-दोन हजार आहेत; तेथे दोन आणि चार असा उलटा हिशेब येईल. आपला देश हे पहिले गाव आहे. तिशी-चाळिशीतल्या आपल्या एक लाख स्त्रिया घेतल्या आणि तेवढ्याच वयाच्या एक लाख गोऱ्या स्त्रिया घेतल्या, तर रोग आपल्याकडे जास्त भरत नाही, कमीच भरतो. ज्या तरुण बाईला तो झाला तिला ह्या गणिताने काही दिलासा मिळत नाही, हे आम्हांस कळते. पण 'आपले रक्तच तसे' ह्या समजुतीला मात्र त्याने एक मोठे भोक पडते.

तरी सगळा प्रश्न गणिताने सुटत नाही, कारण तरुणपणीचा रोग आणि म्हातारपणीचा रोग हा एकच रोग नव्हे. डेन्मार्कच्या क्लेमेसन ह्यांनी १९४८ च्या सुमारास दाखविले की, वयाबरोबर चढत जाणारी ह्या रोगाची रेघ पन्नाशीच्या सुमारास, म्हणजे पाळी जाण्याच्या वेळी, एकाएकी वाकते. रेघ वाकते त्या अर्थी तिच्यात दोन निरनिराळ्या रेघा मिसळल्या असाव्यात, अशी शंका तेव्हापासून आली. त्या दोन रेघा वेगळ्या कशा झाल्या, ही कथा मात्र जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, आणि ती गाईंपासून सुरू होते.

ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन ह्यांना तरुणपणीच दूध तयार होण्याच्या क्रियेचे कुतूहल होते. गाय दीर्घकाळ दूध देत राहावी म्हणून काही देशांतले शेतकरी तिचे बीजकोश काढून टाकतात, असे त्यांच्या ध्यानात आले होते. बीजकोशाचा आणि स्तनाचा काही आतला धागा असावा, असा तर्क त्यांनी केला. १८९५ मध्ये ३३ वर्षांची एक स्त्री त्यांच्याकडे आली. तिच्या छातीवर शस्त्रक्रिया होऊनही रोग पुन्हा उलटला होता. बीटसननी छातीला हात न लावता तिचे बीजकोश काढले. काही महिन्यांत छातीवरच्या गाठी विरघळत गेल्या. १८९६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले तेव्हा खळबळ उडाली. पण इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा सुमारे तिघींत एकीलाच गुण आला. दोघींना का नाही, ह्याचे उत्तर साठ वर्षे कोणालाच देता आले नाही.

ते उत्तर शिकागोच्या एल्वुड जेन्सन ह्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या संशोधनातून मिळाले. बीजकोशातून निघणारे इस्ट्रोजेन हे स्त्रीरस रक्तातून सगळीकडे फिरते, पण काही पेशींतच ते धरून ठेवले जाते; कारण त्या पेशींत ते धरणारे एक प्रथिन असते. त्याला रिसेप्टर म्हणतात. आपण त्याला कुलूप म्हणू आणि इस्ट्रोजेनला किल्ली. ज्या गाठीच्या पेशींना हे कुलूप आहे ती गाठ किल्लीवर वाढते; किल्ली काढून घेतली की तिची वाढ खुंटते. ज्या गाठीला कुलूपच नाही तिला बीजकोश काढले काय आणि ठेवले काय, सारखेच. बीटसनची रुग्ण पहिल्या प्रकारची होती. न सुधारलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळशा दुसऱ्या. पुढे टॅमॉक्सिफेन ही गोळी आली. ती कुलपात खोटी किल्ली घालून ठेवण्याचे काम करते, बीजकोश काढावे लागत नाहीत, आणि आज ती फार महागही नाही. प्रोजेस्टेरॉन ह्या दुसऱ्या स्त्रीरसाचेही असेच कुलूप असते. १९८० च्या दशकात हर-टू नावाचे तिसरे प्रथिन सापडले. सुमारे पाचांत एका गाठीत ते फाजील असते, त्यावरचे औषध १९९८ मध्ये आले आणि ते कितीतरी काळ सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. ज्या गाठीत ह्या तिहींपैकी काहीच सापडत नाही तिला 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात. ती भराभर वाढते, गोळीला दाद देत नाही, तिच्यावर मुख्य भिस्त सलाइनमधून द्यायच्या जहाल औषधांची. पंगतीत 'वाईट जात' म्हणतात ती बहुधा हीच.

ही जात कोणाला जास्त होते? अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यात ४९६ गाठी तपासून २००६ मध्ये एक अहवाल निघाला. पाळी चालू असलेल्या काळ्या स्त्रियांच्या गाठींपैकी ३९ टक्के ह्या वाईट गटातल्या होत्या. पाळी गेलेल्या काळ्या स्त्रियांत हेच प्रमाण १४ टक्के होते, आणि काळ्या नसलेल्या सर्व वयांच्या स्त्रियांत १६ टक्के. श्रोत्यांनी हे आकडे नीट ध्यानात घ्यावेत. वर्ण एकटा घेतला तर पन्नाशीनंतर तो जवळजवळ बोलेनासा होतो. वय आणि वर्ण एकत्र आले की मगच मोठी तफावत उभी राहते. पुढे आफ्रिकेतल्या गाठी तपासल्या गेल्या, तेव्हा आणखी एक गंमत झाली. घानातल्या स्त्रियांत जवळजवळ निम्म्या गाठी ट्रिपल निगेटिव्ह निघाल्या, आणि इथिओपियातल्या स्त्रियांत सुमारे सातांत एक, म्हणजे गोऱ्यांइतक्याच! दोन्ही देश काळ्यांचे. तेव्हा 'काळा वंश' हे नाव धरून जे शोधत होते त्यांना ते नावच फार ढोबळ ठरले. पश्चिम आफ्रिकेतल्या काही कुळांत पिढ्यान्‌पिढ्या काही उतरत असावे असे दिसते. परंतु त्याची हद्द कातडीच्या रंगाशी जुळत नाही.

आपल्या देशात निरनिराळ्या रुग्णालयांचे आकडे एकत्र केले की ट्रिपल निगेटिव्हचे प्रमाण साधारण चौथ्या हिश्शापासून एक तृतीयांशापर्यंत येते. पाश्चात्त्य गोऱ्या स्त्रियांत ते सातांत एकाच्या जवळपास. हे दुप्पट प्रमाण पाहून मनुष्य घाबरून जातो. पण प्रमाण म्हणजे दर नव्हे, आणि ह्या दोहोंची गल्लत करणारे आम्ही पदवीधरांतही पाहिले आहेत. लवकर लग्न, लवकर पहिले मूल, पुष्कळ बाळंतपणे ह्या गोष्टी कुलूपवाल्या गाठी कमी करतात. ट्रिपल निगेटिव्हवर बाळंतपणांच्या संख्येचा तसा परिणाम दिसत नाही, मात्र अंगावर पाजण्याने तीही थोडी टळते असे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे आपल्या आया-आज्यांच्या राहणीने साध्या गाठींचे पीक थोडे ठेवले, आणि म्हणून उरलेल्यांत वाईट गाठींचा टक्का फुगला. शेतात ज्वारी कमी उगवली की तेवढेच तण जास्त वाटते, तसे हे आहे. त्यावरून कोणी बालविवाहाची तरफदारी करू लागेल तर त्याला आम्ही एवढेच सांगू की, त्याच बार्शीच्या नोंदीत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग स्त्रियांच्या रोगांत पहिल्या स्थानी होता, आणि लहान वयातली लग्ने व वरचेवर बाळंतपणे हे त्याच्या कारणांतले ठळक कारण. आता आपल्याकडच्या मुली शिकतात, उशिरा लग्न करतात, दोन मुलांवर थांबतात. त्यांच्यात स्तनाच्या गाठी वाढतील, पण वाढतील त्यांतल्या पुष्कळशा कुलूपवाल्या, म्हणजे गोळीला वश होणाऱ्या असतील.

मग वंश म्हणून काहीच उरत नाही काय? थोडे उरते, आणि ते लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रियांच्या नोंदी २०१० मध्ये तपासल्या गेल्या. ह्यांत मराठी घरांतल्या लेकीसुनाही आल्याच. दोन्ही कुलपे नसलेल्या गाठी त्यांच्यात सुमारे ३० टक्के होत्या आणि तेथल्या गोऱ्या स्त्रियांत सुमारे २२ टक्के. रुग्णालये तीच, प्रयोगशाळा त्याच, तरी फरक राहिला. त्यातला काही भाग त्यांच्या कमी वयाचा. आणि काही कदाचित खरोखरच रक्तातून आलेला. मात्र हा फरक आठ टक्क्यांचा आहे. ज्या भयाने आपण बोलतो तेवढा तो मोठा नाही.

वयाचा प्रश्न उपचाराच्या व्यवहारातही कसा येतो, ह्याची साक्ष मुंबईतच मिळाली. टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रियांवर एक प्रयोग मांडला. वस्त्यांचे वीस गट पाडले. निम्म्या गटांत शिकवून तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी येऊन हाताने स्तन तपासत. उरलेल्या गटांत केवळ माहिती सांगितली जाई. यंत्र नाही, क्ष-किरण नाही, फक्त बोटे. वीस वर्षे वाट पाहून २०२१ मध्ये निकाल जाहीर झाला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ह्या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही. आमच्या मते दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच तरुणपणीची चपळ गाठ पुढे निघून जात असावी. पण हा आमचा तर्क आहे. निकाल मात्र तर्क नाही. सासूच्या वयाच्या बाईला हाताच्या तपासणीने वाचविता येते हे सिद्ध झाले आहे, आणि आपल्या घरांत तपासणीला कोणी न्यायचेच झाले तर सासू म्हणते, माझे आता काय राहिले, सुनेला न्या.

आता ह्या कथेतला जो भाग आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो तो सांगतो. टाटा रुग्णालयाच्या विकृतिशास्त्रज्ञांनी २००० मध्ये ७९८ गाठींचा अहवाल दिला. इस्ट्रोजेनचे कुलूप फक्त ३२.६ टक्के गाठींत सापडले, प्रोजेस्टेरॉनचे ४६.१ टक्के गाठींत. पाश्चात्त्य देशांत पहिले कुलूप साधारण सत्तर टक्क्यांच्या वर असते. हा निकाल पाहून कोणीही म्हणावे, भारतीय स्त्रीची गाठ जातीनेच वेगळी. पण आकड्यांत एक खोच होती. प्रोजेस्टेरॉनचे कुलूप पेशीत तयार होते तेच मुळी इस्ट्रोजेनच्या कुलपाच्या हुकमाने. मग हुकूम देणारा थोड्या गाठींत आणि हुकूम पाळणारा जास्त गाठींत, हे कसे? त्याच रुग्णालयाने पुढे १९९९ पासूनच्या आठ वर्षांच्या नोंदी क्रमाने लावून पाहिल्या, तेव्हा नुसते दुसरेच कुलूप दाखविणाऱ्या विचित्र गाठी वर्षागणिक घटत गेलेल्या आणि दोन्ही कुलपांच्या गाठी वाढत गेलेल्या दिसल्या. आठ वर्षांत भारतीय स्त्रीचा वंश काही बदलला नव्हता. बदलली होती ती प्रयोगशाळेतली रंग देण्याची रसायने आणि काप तयार करण्याची रीत.

आणि प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गाठ कशी येते, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. काढलेली गाठ जिवंत मांसच असते. ती रक्तावाचून पडली की कुजू लागते, आणि ही कुलपे आधी नाहीशी होतात. म्हणून ती तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये घालावी लागते. फॉर्मेलिन तासाला एखाद्या मिलिमीटरच्या गतीने आत मुरते. म्हणून मोठी गाठ चिरून, भरपूर फॉर्मेलिनमध्ये, रुंद तोंडाच्या भांड्यात ठेवायची असते. अख्खी गाठ अरुंद बाटलीत कोंबली की वरून ती टिकते आणि आतून सडते. मग सूक्ष्मदर्शकाखाली कुलूप दिसत नाही, कागदावर 'निगेटिव्ह' येते, आणि ज्या बाईला साध्या गोळीने गुण येता ती गोळीला मुकते. वंशाच्या खात्यावर मांडलेला हा टक्का उन्हाळ्याच्या आणि रस्त्याच्या खात्यावरचा असू शकतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही वाशीमहून एस. टी. ने अकोल्यास निघालो होतो. शेजारी विशीतला एक मुलगा बसला होता. मांडीवर कापडी पिशवी होती, आणि गाडीने गचका खाल्ला की तो दोन्ही हातांनी तिला धरी. तेल-लोणच्याची बरणी असावी असे समजून आम्ही विचारले, "बाबू, काय हाय तिच्यात? खाली ठेव ना."

"नाही जी काकाजी," तो म्हणाला, "मायची गाठ हाये. काल काढली. अकोल्याले तपासाले देतो."

पिशवीत औषधाची प्लॅस्टिकची बाटली होती, आणि तिच्या तोंडापेक्षा आतली गाठ मोठी होती. ती आत कशी घातली असेल हे आम्ही विचारले नाही. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन होते. त्याच्या हातात घडी घातलेला एक छापील कागद होता. तो त्याने आम्हांस वाचायला दिला, पत्ता बरोबर आहे ना एवढे पाहा म्हणाला. कागदावर बाईचे वय होते, गाव होते, धर्म आणि जातही होती. गाठ बाटलीत किती वाजता घातली, ते लिहायला रकाना नव्हता.